आखाडा, क्लब आणि मंडळ : अमरावती व मादियून येथील दोन गुरुकुळांची कथा



लढाई हरलेल्या माणसांच्या हातातील विद्येचे पुढे काय होते, या प्रश्नाचा आज आपणांस थोडा विचार करावयाचा आहे. इतिहासाच्या पुस्तकांत लढाई संपली की प्रकरण संपते. तहाची कलमे येतात, मुलूख कोणाकडे गेला ते येते, आणि पुढच्या पानावर नवा गव्हर्नर येतो. पण जे हजारो लोक कालपर्यंत पट्टा फिरवीत होते, भाला फेकीत होते, त्यांचे हात दुसऱ्या दिवशीही खांद्याला लागलेलेच असतात. त्या हातांना शिकवलेले असते ते एका रात्रीत विसरत नाही. ते कोठे जाते, याचा शोध घेऊ लागलो म्हणजे आपण तहनाम्याच्या दप्तरातून निघतो आणि तालमीच्या हौद्याशी येऊन उभे राहतो.

आपल्या चांद्याचेच पाहा. मे १८१८ मध्ये इंग्रजी तोफांनी चांद्याचा परकोट फोडला, किल्लेदार गंगासिंग पडला, आणि नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेचा या भागातील शेवटचा भक्कम आधार गेला. त्याच वर्षी पुण्याचे पेशवेपद बुडाले. शिलेदार, बारगीर, गडकरी, शिबंदीचे लोक असे मोजता येणार नाहीत इतके हत्यारी पुरुष महाराष्ट्रभर बेकार झाले. काही शेतीला लागले, काही कंपनीच्या पलटणीत गेले, काही पेंढाऱ्यांबरोबर बदनाम होऊन मेले. थोडे असे निघाले की ज्यांनी आपली विद्या घेऊन तालीम धरली. आज आम्ही ज्यांच्याविषयी बोलणार आहो ते या थोड्यांचे वारस.

तालीम आणि आखाडा हे दोन्ही शब्द आपण सर्रास एकाच अर्थाने वापरतो. तालीम हा अरबीतून आलेला, त्याचा मूळ अर्थ शिक्षण. आखाडा हा संस्कृत अक्षवाटाचा वंशज. एकाच तांबड्या मातीला दोन भाषांनी नाव द्यावे आणि तेथील गुरूला मात्र फारसीतल्या उस्तादाचा वस्ताद करून घ्यावे, यातच या संस्थेचा अर्धा इतिहास येऊन गेला. मारुतीच्या मूर्तीसमोर नमस्कार घालणारा पठ्ठ्या आणि पीराच्या चौथऱ्याला हात लावून हौद्यात उतरणारा पठ्ठ्या एकाच वस्तादाच्या हाताखाली तयार झालेले असत. पुढे जे सांगावयाचे आहे त्यात या गोष्टीचा संबंध येणार आहे, म्हणून ती येथे नोंदून ठेवतो.

तालमीत जी साधने आपण पाहतो त्यांतील बहुतेक एके काळी हत्यारे किंवा हत्यारांची पूर्वतयारी होती. लेझीम आज शाळेच्या पटांगणावर मुले ढोलकीच्या तालावर खेळतात, पण मुळात ती तिरंदाजाची मेहनत. धनुष्याला तातीच्या जागी लोखंडी साखळी बांधून ती ओढावयाची, म्हणजे खांदा व दंड खऱ्या धनुष्याला योग्य होतो. बोथाटी म्हणजे टोकावर बोथट गोळा बसविलेला भाला. घोड्यावर बसून एकमेकांस तो टोचावयाचा, जखम न होता भालाफेकीचा सराव व्हावा म्हणून. फरीगदगा म्हणजे लहान ढाल व चामड्याने मढविलेली काठी, ही तलवारबाजीची शाळा. दांडपट्ट्याचे तर सांगावयासच नको. जोर, बैठका, करेल, जोडी हे या सर्वांचे पाया भरण्याचे काम.

आणि मल्लखांब. मल्लाने खांबावर मेहनत करावी हा विचार जुना आहे. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या मानसोल्लासात, म्हणजे बाराव्या शतकात, मल्लांच्या खांबावरील व्यायामाचा उल्लेख सापडतो. पण आज जो मल्लखांब आपण ओळखतो त्याची परंपरा सगळे जण दुसऱ्या बाजीरावाच्या पदरच्या बाळंभटदादा देवधरांपर्यंत नेतात. कथा अशी की, निजामाच्या राज्यातून अली आणि गुलाब या नावाचे दोन मल्ल पुण्यास आले आणि त्यांनी पेशव्यांच्या दरबारात कुस्तीचे आव्हान दिले. कोणी पुढे होईना. तरुण बाळंभटांनी ते स्वीकारले, मुदत मागून घेतली आणि सप्तशृंगीच्या गडावर जाऊन देवीची आराधना केली. तेथे हनुमंताने दृष्टांत देऊन त्यांना लाकडी खांबावर डाव दाखविले. परत येऊन त्यांनी गुलाबास चीत केले आणि ते पाहून अलीने कुस्ती न करताच हार मानली.

दृष्टांताविषयी इतिहासकाराने बोलावयाचे नसते. तथापि या कथेत एक गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते. बाळंभट वजनाने त्या मल्लांशी बरोबरी करू शकत नव्हते. त्यांनी शोधले ते असे साधन की ज्यावर माणूस एकटा मेहनत करील, प्रतिस्पर्ध्याच्या मानेऐवजी लाकडाच्या मानेला तेढी घालील, आणि अंगातील चपळाई व पकड यांच्या जोरावर जडाला हलकवील. आजही मल्लखांबाचे भाग सांगताना आपण त्याचे अंग, मान आणि बोंड असे म्हणतो. खांब हा प्रतिस्पर्धी आहे, त्याला देह आहे. अढी, तेढी, बगली, दसरंग, फिरकी या उड्यांची नावे ऐका. त्यांतील कित्येक कुस्तीच्या पकडीच आहेत. मल्लखांब पाहताना ज्याला कुस्ती दिसत नाही त्याने अजून मल्लखांब पाहिलाच नाही.

पेशवाई बुडाल्यावर बाजीराव कानपूरजवळ ब्रह्मावर्तास गेला आणि त्याच्याबरोबर ही विद्याही गेली. नानासाहेब, तात्या टोपे आणि झाशीची राणी यांनी बालपणी तेथे मल्लखांबावर मेहनत केली अशी परंपरा सांगतात. काशीस महाराष्ट्रीय ब्राह्मणांची मोठी वस्ती होती, तेथे ही विद्या रुजली. बडोद्यास गायकवाडांचा आश्रय होता, तेथे ती फोफावली. बडोद्याची हकीकत दोन वाक्यांत आटोपण्यासारखी नाही, पण आज तेवढाच वेळ आहे. तेथे जुम्मादादा नावाचे मुसलमान वस्ताद होऊन गेले. त्यांचे पट्टशिष्य प्रोफेसर माणिकराव. गुरू गेल्यावर शिष्याने संस्था वाढविली आणि तिला नाव ठेवले जुम्मादादा व्यायाम मंदिर. मुसलमान गुरूचे नाव, पुढे मंदिर हा शब्द, आणि चालविणारा मराठी हिंदू शिष्य. यावर भाष्य करण्याची गरज आम्हांस वाटत नाही. माणिकरावांनी हाडवैद्यकात नाव कमावले आणि शेकडो मुलांना एकाच वेळी, देशी भाषेतील हुकुमांवर कवायत देण्याची पद्धती बसविली. एका वस्तादाभोवती दहा पठ्ठे ही जुनी रीत होती. एका शिक्षकासमोर पाचशे विद्यार्थी ही नवी रीत. हा फरक लहान नाही. त्याच बडोद्यात पुढे दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड काढले. तोंडी चालत आलेली विद्या कागदावर उतरली ती या खंडांत.

आता इंग्रजांच्या बाजूने पाहू. १८५७ नंतर त्यांना शस्त्र या वस्तूची धास्ती बसली, आणि १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे हा गुन्हा ठरला. पट्टा, तलवार, भाला भिंतीवरून उतरले. राहिली ती लाठी, लाकडी खांब आणि उघडे शरीर. कुस्तीला संस्थानिकांचा आश्रय मिळाला. कोल्हापुरास शाहू महाराजांनी खासबागेचे मैदान बांधविले ते १९१२ साली पुरे झाले. हत्यारांच्या विद्येला मात्र तसा उघड आश्रय देणे कोणत्याही संस्थानिकाला परवडणारे नव्हते. त्यातच २२ जून १८९७ रोजी पुण्यास रँडवर गोळी झाडली गेली, आणि झाडणारे चापेकर बंधू मुलांना गोळा करून त्यांना व्यायाम व कवायत शिकवीत असत हे बाहेर आले. बंगालात १९०२ साली निघालेली अनुशीलन समिती वरवर पाहता लाठीचा आखाडाच होती, सरकारने ती १९०९ मध्ये बेकायदा ठरविली. तेव्हापासून आखाडा हा शब्द पोलिसांच्या डायरीत जाऊन बसला.

या पार्श्वभूमीवर अमरावतीच्या दोन वैद्य बंधूंकडे पाहावे. वऱ्हाड म्हणजे नावाने निजामाचा मुलूख, पण १९०३ पासून इंग्रजांकडे कायमच्या पट्ट्याने दिलेला. अमरावती कापसाच्या पैशाने वर आलेले गाव, १८९७ ची काँग्रेस तेथे भरलेली, दादासाहेब खापर्ड्यांसारखा टिळकांचा सोबती तेथला. अशा गावात अंबादासपंत आणि अनंतराव वैद्य या भावांनी १९१४ साली व्यायामाची संस्था काढली. आज ती श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ या नावाने देशभर ठाऊक आहे. आरंभी ती हनुमान क्लब होती.

क्लब या शब्दाकडे श्रोत्यांचे लक्ष वेधतो. हनुमंताच्या नावापुढे विलायती शब्द जोडण्याची हौस त्या काळी पुष्कळांना होती, त्यामुळे यात काही खास नाही असे कोणी म्हणेल. आमचे मत थोडे निराळे आहे. क्लब म्हटले की साहेबाला क्रिकेट आणि टेनिस आठवते. क्लबाला सभासद असतात, वर्गणी असते, हिशेब असतो. आखाड्याला असतो तो वस्ताद, आणि वस्तादाचा शब्द हा तेथील कायदा. क्लब या एका शब्दाने दोन कामे होत होती. बाहेरच्यांचा संशय थोडा कमी होत होता आणि आतल्यांना संस्था कशी चालवावी याचा नवा नमुना मिळत होता. पुढे क्लबाचे मंडळ झाले आणि नावात प्रसारक हा शब्द आला. हा प्रसारक शब्द आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जुन्या वस्तादाने आपला शेवटचा डाव कोणालाही न शिकविता मरावे अशी एक रूढी होती. मांजरीने वाघाला सगळे शिकविले पण झाडावर चढणे शिकविले नाही, ही गोष्ट आपल्या आज्या सांगत ती याच रूढीची. जी संस्था स्वतःला प्रसारक म्हणविते तिने ही रूढी मोडावयाचे ठरविले आहे असे समजावे.

मंडळाने १९२० नंतरच्या काळात उन्हाळी सुटीत वर्ग भरविण्यास आरंभ केला. शाळामास्तरांना सुटी असते त्या दिवसांत त्यांना बोलवावे, थोड्या आठवड्यांत लाठी, लेझीम, मल्लखांब, देशी खेळ आणि सांघिक कवायत शिकवावी, आणि परत आपापल्या गावी पाठवावे. वऱ्हाडचे उन्हाळे कसे असतात हे चंद्रपुरात सांगावयास नको. त्या उन्हात शिकून गेलेल्या मास्तरांनी ही विद्या खेड्यापाड्यांतील शाळांत नेली. आपल्यापैकी ज्यांनी लहानपणी शाळेच्या पटांगणात लेझीम खेळली असेल त्यांच्या हातातील त्या साखळीची एक कडी बहुधा अमरावतीपर्यंत पोचत असेल.

याच आखाड्यात खेडचा एक तरुण येऊन गेला. शिवराम हरी राजगुरू. जन्म १९०८ चा, घर सोडून काशीस संस्कृत शिकावयास गेलेला, पण पोथीपेक्षा शरीरात अधिक रमलेला. अमरावतीस येऊन तो हनुमान आखाड्यात व्यायामाचे शिक्षण घेऊन गेला आणि काशीस परतल्यावर एका शाळेत व्यायामशिक्षक झाला. तेथूनच तो क्रांतिकारकांच्या संघटनेत ओढला गेला, आणि २३ मार्च १९३१ रोजी लाहोरच्या तुरुंगात भगतसिंग व सुखदेव यांच्याबरोबर फासावर चढला. पोलिसांचा संशय अगदीच अनाठायी होता असे म्हणता येणार नाही. पण हेही तितकेच खरे की, त्याच वर्गांतून आलेले शेकडो मास्तर आयुष्यभर शिट्टी वाजवून कवायत घेत राहिले आणि पेन्शनीवर गेले. संस्थेचे मोठेपण मोजताना आपण राजगुरूंचे नाव घेतो. ते घ्यावेच. मात्र त्या शिट्टीवाल्यांना मोजले नाही तर हिशेब अपुरा राहतो.

१९३६ साली बर्लिनला ऑलिंपिक सामने भरले, तेव्हा मंडळाचे पथक तेथे गेले आणि त्याने मल्लखांब, लेझीम, कबड्डी इत्यादी देशी प्रकारांची प्रात्यक्षिके करून दाखविली. हा मंडळाच्या इतिहासातील सोनेरी प्रसंग म्हणून सांगितला जातो, आणि तसा तो होताही. पारतंत्र्यातील देशाच्या मुलांनी आपली विद्या जगापुढे मांडली. परंतु आज मागे वळून पाहताना आपण डोळे मिटून टाळ्या वाजवू नयेत. ते सामने हिटलरच्या राजवटीने आपल्या वैभवाच्या प्रदर्शनासाठी सजविलेले होते. बलवान शरीरे, एकसारखे गणवेश, एका हुकुमावर हलणारे हजारो हात यांचे त्या राजवटीला वेड होते, आणि त्या वेडाचा शेवट काय झाला हे जगाने पाहिले. सांघिक कवायतीत एक जादू आहे. पाचशे मुले एकाच वेळी वाकली की पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. या काट्याचा उपयोग कोण कशासाठी करील, हे कवायत शिकविणाऱ्याच्या हाती नसते. वैद्य बंधूंच्या मंडळाने पुढे शिक्षणसंस्थेचा मार्ग धरला, महाविद्यालय काढले, सर्व जातिधर्मांच्या मुलामुलींना दार उघडे ठेवले. हा मार्ग आपोआप मिळत नाही, तो निवडावा लागतो.

आता थोडा वेळ समुद्रापलीकडे जाऊ. जावा बेटाच्या पूर्व भागात मादियून नावाचे शहर आहे. रेल्वेचा कारखाना आणि साखरेचे उद्योग यांच्यामुळे ते ओळखले जाते. म्हणजे ऊर्जानगरकरांना परके वाटू नये असे. तेथील युद्धविद्येस पंचाक सिलात म्हणतात. हात, पाय, कोपर, पकड आणि आखूड शस्त्रे यांची ती विद्या. तिच्या एका गुरुकुळाचा इतिहास अमरावतीच्या इतका समांतर चालतो की आम्ही तो वाचताना पुन्हा पुन्हा थबकलो.

त्या गुरुकुळाचा मूळ पुरुष की आगंग सूरोदिविर्यो. नावातील शूर आणि वीर्य हे शब्द आपणांस लगेच ओळखू येतील. जावाच्या भाषेत संस्कृत अशी ठायी ठायी भेटते. हा गृहस्थ वसाहतीच्या काळातील साधा नोकरदार. जावाच्या व सुमात्राच्या निरनिराळ्या गावी राहिला, जेथे राहिला तेथील गुरूंकडून सिलात शिकला, आणि १९०३ साली सुराबाया येथे त्याने आपले शिष्य एका बंधुमंडळात गोवले. १९१७ साली मादियूनला या मंडळाने सेतिया हाती हे नाव घेतले. सेतिया हा शब्द आपल्या सत्याचा नातलग, हाती म्हणजे हृदय. निष्ठावान अंतःकरण असा अर्थ. नव्या शिष्याला दीक्षा देताना जो विधी होतो त्याला केचर म्हणतात, आणि ज्यांचा केचर एक ते सख्खे भाऊ असे मानतात. आपल्याकडे वस्तादाने शिष्याच्या मनगटाला गंडा बांधावा, तसाच हा प्रकार.

सूरोदिविर्योचा एक शिष्य की हाजर हार्जो उतोमो. हा राजकीय चळवळीत पडलेला मनुष्य. गुरूची विद्या निवडक घराण्यांतील लोकांपुरती राहू नये, सामान्य तरुणांना मिळावी, असे त्याला वाटे. १९२२ साली त्याने स्वतंत्र शाखा काढली. पुढे ती सेतिया हाती तराते, म्हणजे कमळाची सेतिया हाती, म्हणून प्रसिद्ध झाली. पण आरंभीचे नाव ऐका. पंचाक स्पोर्ट क्लब! डच सरकारला पंचाक या शब्दाचाही वास येऊ लागला तेव्हा तो शब्द काढून त्याच अक्षराने सुरू होणारा पमुदा, म्हणजे तरुण, हा शब्द घातला. संक्षेप तोच राहिला आणि पाटी बदलली. अमरावतीस हनुमानापुढे क्लब, मादियूनला पंचाकापुढे स्पोर्ट क्लब. या दोन गावांनी एकमेकांची नावेही ऐकली नसतील. वसाहतीचे सरकार इंग्रजांचे असो की डचांचे, त्याला एकाच गोष्टीची भीती वाटे, आणि त्या भीतीला चुकविण्याची युक्तीही दोन्हीकडे एकच सुचली. हार्जो उतोमोला डचांनी तुरुंगात टाकले आणि सुमात्रापर्यंत हलविले. सुटून आल्यावर त्याने पुन्हा शिकविणे सुरू केले.

१९४८ साली, इंडोनेशियाचा स्वातंत्र्यलढा चालू असताना, सर्व सिलात गुरुकुळांची एक राष्ट्रीय संघटना सुराकार्ता येथे स्थापन झाली. नियम बसले, गुण ठरले, सामने सुरू झाले. २०१८ साली जकार्ता येथील आशियाई खेळांत सिलातला स्थान मिळाले, तेव्हा सोळा सुवर्णपदकांपैकी चौदा यजमानांनीच नेली. २०१९ मध्ये युनेस्कोने तिला मानवतेच्या वारशात नोंदले. येथपर्यंतची कथा मल्लखांबाशी जुळते. मल्लखांबाचीही राष्ट्रीय संघटना झाली, स्पर्धा झाल्या, मध्य प्रदेशाने २०१३ मध्ये त्याला राज्यक्रीडा ठरविले, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईस शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा भरली. दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराने दोरीचा मल्लखांब मुलींच्या व परदेशीयांच्या हाती दिला. दृष्टिहीन मुलेही तेथे दोरीवर चढली.

पण येथून दोन वाटा फुटतात. मादियूनमध्ये सूरोदिविर्योच्या शिष्यपरंपरेच्या दोन मोठ्या शाखा झाल्या, एक तराते आणि दुसरी विनोंगोची. एकाच गुरूचे नाव घेणाऱ्या या दोन शाखांच्या तरुणांत दशकानुदशके मारामाऱ्या होत आल्या आहेत. मुहर्रमच्या महिन्याला जावात सूरो म्हणतात. त्या महिन्यात दोन्हीकडचे हजारो शिष्य गुरूंच्या समाध्यांवर जातात, आणि शहरभर पोलिसांचा बंदोबस्त लावावा लागतो. ज्यांचा केचर एक ते भाऊ असे ज्यांनी म्हटले, त्यांचीच मुले शाखेचा रंग पाहून एकमेकांवर दगड टाकतात. ही शोकांतिका आहे. गुप्त दीक्षेने बांधलेले बंधुत्व फार घट्ट असते, आणि घट्ट असते म्हणूनच दीक्षा न घेतलेला मनुष्य परका होतो. आपल्याकडेही हे अजिबात नाही असे नाही. कोल्हापुरास तालमींचे फुटबॉल संघ आहेत. त्यांच्या सामन्याच्या दिवशी पेठेच्या अभिमानाला कसे उधाण येते हे ज्याने पाहिले आहे त्याला मादियून फार दूर वाटणार नाही.

अमरावतीने गंडा सोडला आणि हजेरीपट धरला. भावकी गेली, तिच्याबरोबर भाऊबंदकीही गेली. त्याची किंमतही मोजावी लागली, ती म्हणजे लढाई. लाठी, पट्टा, जंबिया अजून शिकवितात, पण पाहणारा ते नृत्यासारखे पाहतो. मल्लखांबाला तर परीक्षक दशांशात गुण देतात, आणि खांबाला मान आहे हे खेळाडू विसरत चालला आहे. जुने लोक यावर हळहळतात. आम्हांस विचाराल तर आमचे मन दोन्हीकडे ओढ घेते. बाळंभटांची तेढी ज्या कामासाठी शोधलेली होती ते काम उरले नाही याचे दुःख करावे, की ती तेढी आज एका शाळकरी मुलीला येते आणि तिला कोणाची मान मोडावयाची नाही याचा आनंद मानावा? सूरो महिन्यातील मादियून डोळ्यांसमोर आणले की आम्ही दुसऱ्या बाजूला झुकतो.

एक गोष्ट मात्र आमच्या मनाला टोचत राहिली आहे, आणि ती येथे बोललो नाही तर कोठे बोलणार? आम्ही आतापर्यंत सांगितलेला इतिहास पुणे, काशी, बडोदे, अमरावती, मुंबई असा शहरांचा आहे. ज्यांनी लिहिले, छापले, वर्गणी गोळा केली, त्यांचा आहे. आपण मात्र ज्या जिल्ह्यात बसलो आहो तेथे १८५८ साली बाबूराव शेडमाके यांनी गोंड तरुणांना घेऊन इंग्रजांशी झुंज दिली. अहेरीकडच्या मोलमपल्लीचे हे जमीनदार. नांदगाव-घोसरी, गढीसुर्ला येथे लढाया झाल्या. अखेर पकडले गेले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चंद्रपूरच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली. त्यांच्या मागे क्लब नव्हता, मंडळ नव्हते, ज्ञानकोश नव्हता. पण धनुष्य ओढणारे खांदे, रानातून आवाज न करता चालणारे पाय आणि भाल्याचा नेम हे शिकविल्यावाचून येत नाही. तेथे शिकविणारे होते, शिकण्याचे वय होते, चुकल्यावर हसणारे सोबती होते. यालाच आपण शहरात आखाडा म्हणतो. शहरातल्या लेझमीच्या साखळीला मूळ धनुष्य आठवावे लागते. गडचिरोलीच्या माडियाला तसे आठवावे लागले नाही, त्याच्या घरात ते धनुष्यच होते. व्यायामाच्या इतिहासात याला जागा मिळालेली आम्ही क्वचितच पाहिली.

आणि खांबाचे लाकूड? मल्लखांब सागाचा किंवा शिसवीचा करतात. जमिनीवर सुमारे साडेआठ फूट, खाली जाड, वर निमुळता, बिनगाठीचा, एरंडेल तेलाने माखलेला. आलापल्लीचा साग किती नावाजलेला आहे हे येथे बसलेल्यांना आम्ही काय सांगावे. खांब येथला आणि त्यावरच्या उडीचा इतिहास दुसरीकडचा, असे आपण किती दिवस चालू देणार?

ऊर्जानगरची वस्ती निरनिराळ्या जिल्ह्यांतून, निरनिराळ्या प्रांतांतून नोकरीच्या निमित्ताने आलेली आहे. वरोरा, बल्लारपूर, मूल, ब्रह्मपुरी, चंद्रपुरातील जुने वार्ड येथे आपल्यापैकी कित्येकांचे आजे-पणजे हौद्यात उतरलेले असतील. त्यांच्या वस्तादाचे नाव, तो कोठून आला होता, कोणते हत्यार शिकवी, हौद्यात कोणाला उतरू देत आणि कोणाला नाही, मारुतीशेजारी आणखी कोणाचे स्थान होते, एवढ्या पाच गोष्टी घरातील वृद्धांना विचारून वहीत उतरवाव्यात. अहेरी, भामरागड, एटापल्लीकडून आलेले जे आहेत त्यांनी धनुष्य धरावयास आपणांस कोणी व कितव्या वर्षी शिकविले ते लिहावे. वह्या आमच्याकडे न देता येथल्याच ग्रंथालयात ठेवाव्यात, म्हणजे पुढच्या वसंतात जो कोणी या विषयावर बोलावयास उभा राहील त्याला अमरावतीपासून आरंभ करावा लागणार नाही.